वहिनींची हिरवी झाडं

टाकीतलं दुसरं झाडही सडलं, तेव्हा मास्तरांनी हातातली कात्री खाली ठेवली. रविवारला तीनच दिवस उरले होते.

चाळीस वर्षं कपडे शिवणाऱ्या मास्तरांवर बायको गेल्यापासून दोन जबाबदाऱ्या होत्या: स्वतःची आणि तिच्या माशांच्या टाकीची. पहिलीबद्दल लेकीला दाट शंका होती.

"तीन आठवड्यांनी रविवारी येतेय," तिने फोनवर बजावलं होतं. "टाकीत एक झाड वाढवून दाखवा. नाहीतर मशीन गुंडाळा आणि माझ्याकडे चला."

"झाडाचा नि माझा काय संबंध?"

"जेवलात का विचारलं की तुम्ही खोटं बोलता, बाबा. झाड खोटं बोलत नाही."

मासेवाल्याने सोप्यात सोपं झाड दिलं होतं, जावा फर्न. "मास्तर, हे मारू म्हटलं तरी मरत नाही. उजेड कमी चालतो, खत नको. फक्त आडवं खोड रेतीत पुरू नका. दगडाला दोऱ्याने बांधा."

दोरा म्हटल्यावर मास्तर निर्धास्त झाले. पण उघडं खोड त्यांच्या डोळ्यांना उसवल्यासारखं दिसू लागलं. शिवणीत दोन बोटं माया, म्हणजे जादा कापड, आत सोडायची जन्माची सवय; त्यांनी दगडासकट झाड दोन बोटं रेतीत दाबलं. खोड आठवड्यात काळं पडलं. दुसरं झाड अनुबियास, तेही दगडाला बांधायचं. ते पुरलं नाही, पण सुटू नये म्हणून दुहेरी दोऱ्याने इतकं आवळलं की मधोमध तुटलं. पाण्याला वास सुटला. पाणी बदलेपर्यंत दोन्ही मासे भाताच्या पातेल्यात राहिले, म्हणून त्या दिवशी भात नाही. नेमका तेव्हाच लेकीचा फोन. "जेवलात?" "हो."

टाकीच्या कोपऱ्यात बायकोची दोन झाडं मात्र हिरवीगार होती. "तिचा हातच तसा," मास्तर माप घेता घेता प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत आले होते. "काठी खोचली तरी पालवी फुटायची."

शनिवारी त्यांनी तिचं एक झाड पाण्याच्या डब्यात घातलं आणि न हिंदकळता दुकानात नेलं. "ह्याच जातीचं द्या. हे आमच्या घराला मानवतं."

मासेवाल्याने पानावरून बोट फिरवलं. "मास्तर, जरा बसा."

"दुर्मीळ आहे का?"

"प्लास्टिकचं आहे."

मास्तर बसले.

"वहिनींनी माझ्याकडून नऊ खरी नेली. नऊच्या नऊ मेली. मग म्हणाल्या, हे सगळ्यांना माझ्या हाताचं कौतुक सांगून बसलेत, आता कुठल्या तोंडाने सांगू? तेव्हापासून हे. दर सहा महिन्यांनी येऊन जरा मोठं घेऊन जायच्या. वाढल्यासारखं दिसायला हवं ना!"

मास्तर खो खो हसले. मग त्यांनी डब्यातलं झाड बोटाने सरळ केलं.

"शेवटचं कधी नेलं होतं?" त्यांनी विचारलं.

"आठ महिने झाले."

"म्हणजे दोन महिने उशीर झाला," मास्तर म्हणाले. त्यांनी खिशातली टेप काढून डब्यातल्या झाडाची उंची मोजली. "ह्याच्यापेक्षा दोन बोटं मोठं द्या."

रविवारी लेक पर्स खांद्याला तशीच ठेवून टाकीपुढे वाकली. "अगंबाई! आईचं झाड केवढं वाढलंय!" तिने डोळे पुसले. "राहा मग इथेच. आणि जेवलात का?"

"हो," मास्तर म्हणाले.

हे मात्र खरं होतं.