पाच उसने गुण

सटवाजी शाळेच्या ओसरीत म्हैस बांधत असत. विद्येशी त्यांचा संबंध तेवढाच आला. त्यांचे चिरंजीव रामलिंग एकदा शाळेत गेले होते, ती म्हैस सोडून आणायला. रामलिंगांचे शेषेराव मात्र सातवी पास झाले. अर्थात, त्यांना पास करण्यात आले असे म्हणणे अधिक न्यायाचे ठरेल. कारण चुलीपुढे बसवून त्यांच्याकडून पाढे घोटून घेणाऱ्या त्यांच्या पत्नी केवळाबाई स्वतः मुरुडच्या शाळेत सातवीला पहिल्या आल्या होत्या. अशा या घराण्यात वैजनाथ जन्मला आणि पूर्वजांचे राहून गेलेले सारे शिक्षण एकट्याने उरकण्याचे त्याने मनावर घेतले.

वैजनाथ चाकूरजवळच्या एका शाळेत सहावी-सातवीला गणित शिकवी आणि उरलेला सगळा वेळ स्वतः शिकत बसे. शिक्षणसेवक म्हणून लागला, सहशिक्षक झाला, पदवीधर शिक्षक झाला. मधल्या काळात प्रमाणपत्रे इतकी साचली, की भिंतीवरच्या देवांना स्वयंपाकघरात बिऱ्हाड हलवावे लागले. तो मधमाशीपालन शिकला; माशा पेटी पाहून गेल्या त्या परतल्या नाहीत. कन्नड शिकला, उदगीरची भाजीवाली कमलम्मा दयेपोटी त्याच्याशी मराठीत बोलू लागली. सध्या ड्रोन उडवण्याचा अभ्यासक्रम चालू होता.

“माणसानं मरेपर्यंत विद्यार्थी राहावं, माय,” तो म्हणे.

“राहा की,” केवळाबाई म्हणत. “पर तवर तुझ्या वर्गातल्या पोरांनी बी सातवीतच राहायचं का?”

यंदा शाळेचे मुख्याध्यापकपद रिकामे होते आणि ते आपल्या खिशातच आहे, असे वैजनाथने गावभर सांगून ठेवले होते. एवढेच होते, की प्रत्येक शिक्षकाने एका निरक्षर माणसाला शिकवून साक्षरतेच्या परीक्षेला बसवायचे होते आणि ज्याचा विद्यार्थी पहिला येईल, त्याच्या नावाची शिफारस शिक्षणखात्याचे साहेब करणार होते. वैजनाथइतकीच नोकरी झालेल्या धम्मप्रियाबाई दिवाळीपासून केवळाबाईंच्या शेजारणीच्या, बसम्माच्या अंगणात संध्याकाळी पाटी घेऊन तिला शिकवत होत्या. वैजनाथ तेव्हा आकाशाकडे पाहत होता. त्याची नजर जमिनीवर आली तोवर गावातले सगळे निरक्षर संपले होते. एका म्हाताऱ्यावर तर दोन गुरुजींचे भांडण चालू होते.

दोन दिवसांनी बसम्मा उसने नेलेले ज्वारीचे पीठ परत घेऊन आली. केवळाबाईंच्या गल्लीचा दंडक होता: उसने न्यावे सपाट मापाने, परत द्यावे शीग लावून. बसम्माने शिगोशीग वाटी पुढे केली आणि हसू दाबीत म्हणाली, “साळंच्या दाराला तुमचं नाव लागलंय, केवळाबाई. अडाण्याच्या यादीत. मी सवता वाचलं, अक्षराला अक्षर जुळवून.”

केवळाबाईंनी त्या दिवशी चिरंजिवांना जे ऐकवले, त्यातले बरेचसे छापण्याजोगे नाही. वैजनाथने पाय धरले. नाव मागे घेतले तर खोटी नोंद उघडी पडेल, मुख्याध्यापकपद जाईल, अशी विनवणी केली.

“सातवीला तू गणितात बुडत होतास,” केवळाबाई म्हणाल्या. “सिद्रामप्पा गुरुजीच्या दारात मी उभी राहिले, पाच गुण उसने मागून तुला पास केलं. ते अजून माझ्या डोस्क्यावर हायेत. त्यात ही भर घाल.”

पण आई ती आईच. परीक्षेला जायचे कबूल झाले. अक्षर वाकडे काढ, एखादी बेरीज चुकव, असे वैजनाथने वाटभर पढवले. केवळाबाईंनी मान हलवली. मात्र तो हात मुरुडच्या शाळेत वळण लागलेला. त्याला वाकडे लिहायला सांगणे म्हणजे जावयाच्या ताटात तूप वाढताना हात आखडायला सांगणे. त्यांनी मोत्यासारखे लिहिले, गणिते दोन-दोन रीतींनी सोडवली आणि एका उदाहरणातले आकडे जुळत नाहीत, असा शेराही तळाशी मारला.

गुण पैकीच्या पैकी पडले. सहा गुणांनी मागे बसम्मा.

साहेब हर्षाने वेडे झाले. त्यांनी ‘वैजनाथ पॅटर्न’ जाहीर केला आणि लातूरला सत्कार ठरवला. वैजनाथ नवा सदरा घालून व्यासपीठावर बसला. साहेबांनी माईक केवळाबाईंपुढे धरून विचारले, “आजी, एवढ्या थोड्या दिवसांत इतकं कसं शिकलात?”

केवळाबाईंनी तोंड उघडले आणि प्रमुख पाहुण्यांकडे त्यांची नजर गेली. हातात काठी, डोळ्यांवर जाड भिंगे, आणि भिंगांच्या वरून त्यांच्याकडेच रोखलेले डोळे. सिद्रामप्पा गुरुजी! ज्याचे देणे अजून डोक्यावर, त्याच्यासमोर खोटे बोलणे केवळाबाईंच्या रक्तात नव्हते.

“साहेब, मी सातवी पास हाय, तीबी पहिल्या नंबरात,” त्या म्हणाल्या. “ह्या पोरानं मला अडाणी म्हणून लावली.”

वैजनाथ छताकडे पाहू लागला, जणू तिथे ड्रोन उडत होते.

केवळाबाई हातातले निकालपत्र पुढे करीत गुरुजींकडे वळल्या. “गुरुजी, ह्याच्यासाठी तुमी पाच गुण उसने दिले होते. आज माझ्यापाशी हायेत. घ्या.”

म्हाताऱ्याने निकालपत्र डोळ्यांजवळ नेले. “पाच न्हाई, बाई. सहा. पाच तुम्ही मागितले, एकाची शीग मी लावली होती.”

“मग सात घ्या,” केवळाबाई ताठ मानेने म्हणाल्या. “माझी शीग येगळी.”

गुरुजींनी खिशातले पेन काढले, सात गुण वजा केले आणि खाली सही ठोकली. लाजेने लाल झालेल्या साहेबांना तेवढाच आधार सापडला. त्यांनी घाईघाईने बसम्माला पहिला क्रमांक आणि धम्मप्रियाबाईंना शिफारस जाहीर करून टाकली.

परतीच्या एसटीत वैजनाथ बराच वेळ बोटे मोजत होता. अखेर म्हणाला, “माय, सहाच दिले असते, तर बरोबरी झाली असती.”

“गणिताचा मास्तर हायेस खरा,” केवळाबाई खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या. “उसनं सपाट फेडत न्हाईत, बाबा. आज फिटलं.”