भागाकाकूंचं भ्या

आमच्या शेजारच्या भागाकाकूंना तुम्ही नमस्कार केलात, तर त्या आधी आभाळाकडे बघतात. डोळ्यांवर हात धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत आभाळ तपासतात आणि मग म्हणतात, "न्हाय. बोला आता."

नाही म्हणजे घार नाही. घार नसेल तरच काकू माणसांशी बोलतात. एकदा प्रचाराला आलेल्या पुढाऱ्याने हात जोडले तर काकूंनी वर बघितलं. तो घाबरून वर बघायला लागला, मग त्याच्यामागची माणसंही. बराच वेळ आमची अख्खी गल्ली माना वर करून उभी होती.

काकू मूळच्या मंगळवेढ्याकडच्या. लग्न होऊन सोलापुरात आल्या, टॉवेलच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरण्यात आयुष्य गेलं. आता नवरा नाही. दोन खोल्या, मागे परस आणि परसात पंधरा-वीस गावरान कोंबड्या. दुकानातलं खाद्य तिथे चालत नाही. ज्वारी माहेरची, पाला मंडईतला, पाण्यात हळद आणि लसूण. ओला पाला आणि शेण भरून एक मडकं जमिनीवर पालथं घालतात, ते उचललं की खाली वाळवी तयार, ती पिल्लांची मेजवानी. आमच्या चौकटीला लागलेली वाळवी याच मडक्यातून आली, असं सुनंदाचं, म्हणजे माझ्या बायकोचं, ठाम मत आहे. उवा होऊ नयेत म्हणून राखेचा खड्डा आहे. त्यात कोंबड्या लोळतात, आणि वारा आमच्या बाजूचा असला की आम्हीही राखेत न्हातो.

"लई भ्या वाटतंय बघा, मास्तर," हे काकूंचं पालुपद. दिवसा घारीचं भ्या, तिन्हीसांजेला मुंगसाचं, अंधार पडला की मांजराचं. खुराड्याला दोन कड्या, एक कुलूप, वर शहाबादी फरशी. किल्ली कमरेच्या पिशवीत. परसात जायचं तर दाराशी चुन्याचं घमेलं ठेवलेलं, त्यात दोन्ही पाय बुडवल्याशिवाय प्रवेश नाही. मी एकदा विचारलं, "काकू, एवढं भिऊन कसं चालेल?"

"भ्याल्याबिगर कसं चालंल?" काकू म्हणाल्या.

हे भ्या मलाही लागलं. मी हायस्कूलमध्ये भूगोल शिकवतो. ढगांचे प्रकार दाखवायला मुलांना मैदानावर नेलं होतं. वर एक घार दिसली आणि मी "हुर्र्र! हाऽऽ!" करत दोन्ही हात हलवत धावलो. मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं की काय, देव जाणे.

गेल्या उन्हाळ्यात मात्र हसण्यासारखं काही राहिलं नाही. कोपऱ्यावर दारात विड्या वळत बसणाऱ्या नरसम्माने बातमी दिली की पलीकडच्या गल्लीत मानमोडी आली. कोंबडी पेंगते, तिची मान पिळवटते, आणि बघता बघता खुराडं रिकामं होतं. त्या दिवशी गल्लीतून कुणीतरी एक पोतं नेताना मी पाहिलं. त्यातून एका पिसाचं टोक बाहेर आलं होतं.

काकूंनी कोंबड्या परसातच कोंडल्या. दारावर कडुलिंब बांधला, चुना दुप्पट केला. "आता आतलं भाईर न्हाय आन् भाईरचं आत न्हाय," असा हुकूम निघाला. अंडी घ्यायलाही कुणाला येऊ देईनात. दिवसभर छत्री घेऊन परसात बसायच्या आणि एकेका कोंबडीची मान न्याहाळायच्या. आमच्या घरातही आवाज बारीक झाले. सकाळी पलीकडून कोंबडा आरवला की सुनंदा म्हणायची, "आहेत हो." मग आम्ही चहा प्यायचो.

आणि नेमकी त्याच दिवसांत कवडी गेली. पांढऱ्या ठिपक्यांची ही काळी कोंबडी पहिल्यापासूनच उनाड. भिंतीवरून उडून पसार झाली. तिन्हीसांजेला काकूंनी कोंबड्या मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि भिंतीपलीकडून हाक आली, "मास्तर, एक कमी हाय वो!"

आम्ही सगळी गल्ली धुंडाळली. काकू "आऽ आऽ आऽ" करत पुढे, मी बॅटरी घेऊन मागे. पलीकडच्या गल्लीच्या तोंडाशी काकू थांबल्या. पुढे रोग होता. त्यांच्या पायाला तिकडची माती लागली असती तर ती घरी आली असती. त्या तिथेच उभ्या राहून बोलावत राहिल्या. आवाज पार बसला तेव्हा परत फिरलो.

तीन-चार दिवसांनी, दिवेलागणीलाच, कवडी आमच्या फाटकाशी उभी. पिसं विस्कटलेली, एक पाय उचललेला. मला आनंद व्हायच्या आधी घाम फुटला. ही कुठे फिरून आली? मी हाताला पिशवी गुंडाळून तिला धरलं आणि लांब धरूनच काकूंच्या फाटकाशी नेलं. नरसम्मा ओरडली, "मास्तर, आत सोडू नका! सगळ्या मरतील!" तिचं खरं होतं. काकूंचा नियमही तोच होता. मला वाटलं, आता काकू म्हणणार, लांब नेऊन सोडा, नाहीतर मान मुरगाळा. आणि ते मलाच करावं लागणार.

काकूंनी त्या दिवशी आभाळाकडे पाहिलं नाही. कवडीकडे पाहिलं.

"आली न्हवं का ती," म्हणाल्या. "आलेल्याला भाईर ठिवायचं न्हाय."

"काकू, बाकीच्यांचं काय?"

"खुराड्यात कोण नेतंय? माज्या घरात ऱ्हाईल."

पुढच्या खोलीत, स्वतःच्या बिछान्याशेजारी, त्यांनी वेताच्या डालग्याखाली कवडीला ठेवलं. मांजर शिरू नये म्हणून मी दाराची आतली कडी नीट लागते का ते बघायला गेलो. कडीच नव्हती. चौकटीवर स्क्रूची चार भोकं, तीही रंगात बुजत आलेली. कोंबड्यांना दोन कड्या आणि कुलूप लावणाऱ्या बाईच्या स्वतःच्या दाराला काहीच नव्हतं.

"कडी कुठं आहे, काकू?"

"काडून टाकली." त्या डालग्यापाशी बसल्या. "माजा धाकटा, गणपा. कारखान्यात जायाचं न्हाय म्हणला. बापानं हाकलला आन् कडी लावली. मी परसात कोंबड्या कोंडत हुते. पुढनं दार वाजल्यागत झालं. मला वाटलं मुंगूस. मी खुराडं सोडून हालले न्हाय की वो, काठी घिऊन तितंच उभी. मागनं नरसम्मा म्हणली, पोरगं आलतं. दार ढकलून बगितलं आन् गेलं, ते गेलंच." डालगं सारखं करत म्हणाल्या, "त्याला वाटलं आसंल, आईनं बी लावलीया."

गणपाला मी कधी पाहिलेलं नाही. आम्ही इथे राहायला येण्यापूर्वीची ती गोष्ट. दाराला आतून लावायला एक वीट देऊन मी घरी आलो.

पुढचे काही दिवस मी भिंतीवरून रोज एकच विचारायचो, "मान?" काकू म्हणायच्या, "सरळ हाय." पलीकडच्या गल्लीतली मर थांबली, कवडी खायला-प्यायला लागली, डालग्याखालून निसटून काकूंच्या उशीवर अंडं घालून आली, तेव्हा काकूंनी तिला परसात सोडलं.

त्या दिवशी मी बाजारातून नवी कडी आणली होती. पाना-पेचकस घेऊन गेलो. म्हटलं, "काकू, दिवस वाईट आहेत. चोऱ्या होतात. एकट्या असता. बसवून देतो." आणि खरंच मला त्यांच्यासाठी भीती वाटत होती.

डोक्यावर एक घार फिरत होती. काकूंनी वर बघितलंच नाही. त्या गल्लीच्या टोकाकडे बघत होत्या.

"नगं, मास्तर," त्या म्हणाल्या. "ती वीट बी काडा. ढकललं की उघडाय पायजे."