श्रद्धांजलीसाठी दोन दाबा

त्या घरात गेले काही दिवस ‘नोकरी’ हा शब्द कुणी उच्चारत नव्हतं, आणि पुढचा सगळा घोटाळा त्या न उच्चारलेल्या शब्दानंच केला.

घर कानसाहेबांचं. हे नाव त्यांना ऑफिसात पडलेलं. पंखे बनवणाऱ्या एका कंपनीच्या तक्रार विभागात ते टेलिफोनवर बसत. रिसीव्हर लावून लावून त्यांचा डावा कान उजव्यापेक्षा चपटा झालाय, असं सहकारी म्हणत. उभी हयात त्यांनी लोकांचा राग ऐकण्यात घालवली. मग कंपनीनं एक यंत्र आणलं. यंत्र म्हणायचं, पंखा फिरत नसेल तर एक दाबा, फिरून आवाज करत असेल तर दोन दाबा. साहेबांनी कानसाहेबांना केबिनमध्ये बोलावलं, बसवलं, चहा मागवला, आणि चहा गार व्हायच्या आत नोकरी गेली.

कानसाहेब घरी आले, आतल्या खोलीत गेले आणि पांघरूण डोक्यावरून ओढून पडले. पोटापाण्याची काळजी होतीच, पण ती दुसऱ्या नंबरची. त्यांना खात होतं ते वेगळंच. जे काम यंत्र दोन बटणांत उरकतं, ते आपण जन्मभर करत होतो. मग आपण नेमकं केलं तरी काय?

शेवटी बायकोला राहवेना. तिनं स्वयंपाकघराचं दार लोटून धाकट्या बहिणीला फोन लावला आणि आत ऐकू जाऊ नये म्हणून अगदी हळू आवाजात म्हणाली, “यांची गेली गं.”

पलीकडे धाकटीचा मिक्सर चालू होता. त्यात ‘यांची’ वाटलं गेलं आणि ‘गेली’ची वेलांटीही. तिला ऐकू आलं, ‘हे गेले गं.’

“काय सांगतेस, ताई. कधी?”

“सोमवारी. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं काय, आणि बसल्या जागी कारभार आटोपला काय.”

“बसल्या जागी? फार त्रास झाला का?”

“त्रास व्हायला वेळ कुठे मिळाला? यांना कळायच्या आत झालंसुद्धा. चहाचा कप हातात तसाच.”

“अगं बाई. आणि मला आज सांगतेस? आता कुठे आहेत?”

“कुठे असणार? आतल्या खोलीत पडलेत. हलणं नाही, बोलणं नाही. तोंडावरून पांघरूण.”

धाकटीनं मिक्सर बंद केला. “अजून घरातच?”

“मग काय बाहेर काढू?”

“ताई, अगं, बर्फबिर्फ तरी ठेवलास का?”

“बर्फ कशाला? अधूनमधून कोमट पाणी देते.”

धाकटीनं तो विषय सोडला. “मुलाला कळवलंस?”

“नाही. त्याची परीक्षा चाललीय. आणि तो आला म्हणून गेलेलं थोडंच परत येणार आहे? तूही कुणाला सांगू नकोस हं. गाजावाजा नको, असं यांनीच सांगितलंय.”

ती शेवटची इच्छा, हे धाकटीनं ओळखलं. ताईचं डोकं दुःखानं फिरलंय, हेही ओळखलं. तिनं फोन ठेवला आणि नवऱ्याला हाक मारली.

धाकटीचा नवरा, म्हणजे कानसाहेबांचे साडू, हा पुढाकार घेणारा माणूस. कुणाच्याही घरी काही झालं की आधी खुर्च्या मागवायच्या आणि मग काय झालं ते विचारायचं, ही त्यांची पद्धत. त्यांनी खुर्च्यांचं सांगितलं आणि लगोलग कंपनीत फोन लावला.

“तुमच्या केबिनमध्येच सुरुवात झाली म्हणे,” ते साहेबांना म्हणाले.

साहेबांच्या हातातलं पेन खाली पडलं. कानसाहेब आपल्या पायांनी चालत बाहेर गेले होते, हे त्यांना आठवत होतं. पण चेहरा काही ठीक नव्हता, हेही आठवलं. काहीतरी करायला हवं होतं, आणि करण्यासारखं हाताशी होतं ते यंत्र. संध्याकाळपासून तक्रारीचा नंबर फिरवणाऱ्याला एक गोड आवाज सांगू लागला, “तक्रार विभागातील आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांचे दुःखद निधन झाले आहे. पंखा बिघडला असल्यास एक दाबा. श्रद्धांजलीसाठी दोन दाबा.” दोन दाबलं की घरचा पत्ता ऐकू यायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी कानसाहेबांची बायको पिशवी घेऊन बाजारात गेली. ती वळणापलीकडे जाते न जाते तोच साडू खुर्च्यांसकट हजर झाले. धाकटीनं धीर करून आतल्या खोलीचं दार बोटभर उघडलं, डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली आकृती पाहिली, तोंडाला पदर लावला आणि दार ओढून घेतलं.

खुर्च्या उघडल्याच्या आवाजानं कानसाहेबांना जाग आली. बाहेर माणसं येत होती. एक आला, दोघं आले, मग पावलं मोजता येईनात. दबक्या आवाजात बोलणं चाललं होतं, आणि ते आवाज ऐकताऐकता कानसाहेबांनी पांघरूण कानावरून सारलं. यातला एकही चेहरा त्यांनी जन्मात पाहिलेला नव्हता, पण आवाज एकूणएक ओळखीचे होते. हा घोगरा आवाज शिंप्याचा. उलटा फिरणारा पंखा. हा खणखणीत आवाज शाळेच्या बाईंचा. वर्गातला पंखा, डगमगतो. हा चिरका आवाज तर दर उन्हाळ्यात यायचा.

“मी त्यांना काय काय बोललो असेन,” शिंपी सांगत होता. “शेवटी माझ्याजवळच्या शिव्या संपल्या. तर म्हणतात, आठवतील तेव्हा परत फोन करा, मी आहे. मग मला हसूच आलं.”

‘माझी नोकरी गेली म्हणून एवढी माणसं?’ कानसाहेबांच्या मनात आलं. त्यांचा विश्वास बसेना. माणसं चुकीच्या घरी आली असावीत, असंही त्यांना वाटून गेलं.

एवढ्यात बायको परतली. घरभर माणसं बघून ती उंबऱ्यातच थबकली. पण बहीण दिसली, आणि तिनं तोंड उघडलं असणार हे लगेच ध्यानात आलं.

“फार वाईट झालं,” शाळेच्या बाई म्हणाल्या.

“वाईट तर झालंच,” बायको पिशवी खाली ठेवत म्हणाली. “पण किती दिवस तेच उगाळत बसायचं? मी यांना सांगितलंय, अजून वय आहे, दुसरी बघा.”

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

“दुसरी?” शाळेच्या बाईंनी विचारलं.

“हो. पहिलीत काय राम होता? नुसती कटकट. मीच ओळखीत दोन ठिकाणी शब्द टाकलाय.”

साडूंनी धाकटीकडे पाहिलं. धाकटीनं कपाळाजवळ बोट नेऊन हळूच फिरवलं. सगळ्यांनी समजुतीनं माना हलवल्या आणि ताईला खुर्चीत बसवून पाणी दिलं.

मग एक बाई बोलू लागल्या. त्यांची लाँड्री होती, हे कानसाहेबांना आवाजावरूनच कळलं.

“यजमान गेले त्याच्या पुढच्या महिन्यातली गोष्ट. पंखा रात्रभर कुरकुरायचा. मी फोन करून कंपनीला चोर म्हटलं, फोन घेणाऱ्या यांनाही म्हटलं. सगळं ऐकून घेतलं आणि विचारतात कसे, ‘बाई, पंखा तोच, खोली तीच. पलंगावरची तुमची बाजू बदललीय का?’ बदलली होती. मी यजमानांच्या बाजूला झोपायला लागले होते. ती कुरकुर त्या बाजूलाच ऐकू येते. म्हणजे यजमान ती जन्मभर ऐकत होते आणि मला एका अक्षरानं बोलले नव्हते.” बाई थांबल्या. “मग मी फोनवरच रडत बसले. पलीकडचा आवाज गप्प. पण फोन ठेवला नाही.”

पांघरुणाखाली कानसाहेब निश्चल झाले. तो फोन त्यांना आठवत होता. दुसरं काही सुचेना म्हणून त्यांनी तो प्रश्न विचारला होता, आणि त्या दिवशी साहेबांनी चौकशी केली तेव्हा सांगितलं होतं, “किरकोळ होतं, मिटलं.” ते किरकोळ इतकी वर्षं एका घरात जपून ठेवलेलं होतं. आपण टाकून दिलेली वस्तू कुणाच्या तरी देव्हाऱ्यात दिसावी, तसं त्यांना झालं.

कंपनीचे साहेबही आलेले होते; ते उठल्याचा आवाज आला. “असा माणूस पुन्हा होणे नाही,” ते म्हणाले. “आज ते असते, तर मी स्वतः हाताला धरून त्यांना परत खुर्चीवर बसवलं असतं. ईश्वर मृतात्म्यास शांती देवो.”

कानसाहेब ताडकन उठून बसले. नोकरी गेल्याची बातमी त्यांना साहेबांकडून कळली होती. आपण गेल्याचीही त्यांच्याकडूनच कळली.

आता आली पंचाईत. स्वतःच्या शोकसभेत माणसानं कसं शिरावं? इतके लोक कामधंदे सोडून आलेले, त्यांचा हिरमोड करायचा म्हणजे बरं दिसत नाही. शिवाय आणखी थोडं ऐकावं, असा मोहही होत होता. पण संडासाची वाट बाहेरच्या खोलीतून होती, आणि माणूस मोहावर विजय मिळवतो तो बहुधा अशाच कारणांनी. त्यांनी केस सारखे केले आणि दार उघडलं.

“माफ करा,” ते म्हणाले. “मी जरा जाऊन येतो.”

ते परत आले तेव्हा कुणी जागचं हललं नव्हतं. मग बायको सावकाश बहिणीकडे वळली. “मी यांची नोकरी म्हणत होते गं.”

“तू नोकरी हा शब्द काढला होतास का, ताई?”

आणि बांध फुटला. जिवंत माणसाबद्दल आपण इतकं चांगलं बोलून बसलो, याचा सगळ्यांना राग आला.

“मी गावभर सांगून बसलोय,” साडू म्हणाले. “आता तोंड कुठे लपवू?”

“दुकान बंद ठेवून आलोय मी,” शिंपी म्हणाला. “आणि माझा पंखा अजून उलटाच फिरतो.”

“मी वर्गात मुलांना दोन मिनिटं उभं केलं,” शाळेच्या बाई म्हणाल्या.

कानसाहेब एका रिकाम्या खुर्चीवर बसले. डावा कान जरा पुढे केला. “बरोबर आहे तुमचं,” ते शिंप्याला म्हणाले. “आधी तुम्ही. सगळं सांगा, घाई नाही.”

शिंप्यानं सांगितलं. मग शाळेच्या बाईंनी. बोलून झालेला माणूस हलका होऊन भिंतीला टेकायचा. लाँड्रीवाल्या बाई हे सगळं बघत होत्या.

“माझ्याकडे रोज कुणाचा ना कुणाचा शर्ट आटतो आणि लोक अंगावर येतात,” त्या म्हणाल्या. “उद्यापासून याल?”

“मला कपड्यांतलं काही कळत नाही, बाई.”

“पंख्यातलं कळत होतं?”

“नाही,” कानसाहेबांनी खरं ते सांगितलं.

“मग झालं तर.”

साहेब घसा खाकरत पुढे आले. “मघाशी मी जे बोललो, ते आपण नसताना बोललो होतो. पण कानसाहेब, खरं सांगू का? यंत्र ऐकून घेत नाही म्हणून लोक माझ्या घरी फोन करतात. जेवताना, झोपताना. हे कुणाला सांगायचं?”

कानसाहेबांनी समोर पाहिलं. भाड्याच्या खुर्च्यांची रांग दारापर्यंत गेली होती आणि दाराबाहेर अजून माणसं उभी होती. इतकी वर्षं ही रांग तारेतून येत होती, म्हणून ती केवढी आहे हे त्यांना कधी दिसलंच नव्हतं.

“सांगा ना, साहेब. मी ऐकतो,” ते हळुवारपणे म्हणाले. “पण जरा बसावं लागेल. तुमच्या आधी आमचे साडू आहेत.”

साहेबांनी रांग बघितली आणि मुकाट्यानं शेवटच्या खुर्चीत जाऊन बसले.