शालिकभाऊंचं गिऱ्हाईक

बिघडलेली मशीन घेऊन शालिकभाऊ थुलांच्या फाटकात शिरणाऱ्याला पहिली आज्ञा होते ती तोंड बंद ठेवण्याची. तो बिचारा सांगू पाहतो, की कालपर्यंत मशीन चांगली चालत होती, आज सकाळी दोरी ओढली तर नुसतीच खोकली. शालिकभाऊ हात वर करतात.

"तू चूप राह्य. तिले बोलू दे."

ती म्हणजे लाकूड कापायची मशीन, जिला शहाणी माणसं चेनसॉ म्हणतात. मग शालिकभाऊ दोरी ओढतात, पेचकसाचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक इंजिनला टेकवतात, मूठ कानाला लावतात आणि डोळे मिटून घेतात. मालक शेजारी उभा, निकालाच्या दिवशी उभं राहतात तसा. दोन मिनिटांनी डोळे उघडतात.

"पेट्रोलमदी ऑइल टाकलंच नाई तुनं."

"टाकलं ना जी! आईची शपथ!"

"मशीन झूठ बोलत नाई. मानूस बोलते."

आजवर त्यांच्याशी वाद घालून जिंकलेला माणूस मी पाहिलेला नाही. आणि मी बरंच पाहिलंय, कारण नालवाडीत त्यांचं आणि माझं घर एका भिंतीने जोडलेलं आहे. भिंत माझ्या खांद्याइतकी उंच आहे, त्यामुळे मला सगळं दिसतं आणि ऐकू तर त्याहून जास्त येतं. मी शाळेत मुख्याध्यापिका. आठवडाभर पोट्ट्यांचा गलका सोसल्यावर रविवारी दुपारी दोन ते चार झोपावं एवढीच माझी आयुष्याकडून मागणी. शालिकभाऊ नेमके रविवारी दोन वाजता मशीन सुरू करतात. मी भिंतीवरून ओरडते. ते नमस्कार करतात आणि म्हणतात, "पाचच मिनिट, मॅडम. गरम झाल्याशिवाय ती खरं सांगत नाई." त्यांची पाच मिनिटं साडेतीनला संपतात.

पुलगावच्या डेपोत त्यांनी फिटर म्हणून नोकरी केली. सकाळची गाडी, संध्याकाळची गाडी, मधे पाना. निवृत्त झाल्यावर लोक गुलाब लावतात, नातवंडांना गोष्टी सांगतात. यांनी अंगणात तार बांधली. लोकांच्या तारेवर लुगडी वाळतात, यांच्या तारेवर चेनी. त्या चेनींचा एकेक दात ते पारिजातकाखाली बसून कानशीने घासतात. दात मोजत नाहीत, चुकवत मात्र एकही नाहीत.

त्यांचं सगळं शास्त्र तीन शब्दांचं आहे. आग, तेल, हवा. प्लगला ठिणगी येते का, तेल पोचतं का, हवा मिळते का. "या तिघांपैकी एक रुसलं असंन. चौथं कारन दुनियेत नाई." हे शास्त्र ते माणसांनाही लावतात. मला एकदा ताप आला तर दारातूनच म्हणाले, "आग तं हाय. तेल घेतलं का काही? मंग हवा पाहा. खिडकी उघडा." खिडकी उघडली. ताप दुसऱ्या दिवशी उतरला, आणि त्याचं श्रेय गोळ्यांना द्यायला ते आजतागायत तयार नाहीत.

हिंगणघाटकडचे शेतकरी फोन करतात. शालिकभाऊ त्यांनाही बोलू देत नाहीत. "फोन मशीनच्या तोंडापाशी धर. अन् तू दूर हो!" मग फोनमधून घरघर, इकडे डोळे मिटलेले. एकदा अल्लीपूरच्या एका माणसाला त्यांनी फोनवर सांगितलं, की फिल्टरमध्ये माशीने घर केलंय. त्याने उघडून पाहिलं तर खरंच कुंभारमाशीचं मातीचं घर! तेव्हापासून त्या गावात यांना देव मानायचंच काय ते बाकी आहे.

विहारातली गोष्ट तर सगळ्या वस्तीला पाठ आहे. रविवारची सकाळ, पांढरे कपडे घालून सगळे वंदनेला बसलेले. वंदना संपून ध्यान सुरू झालं. शांत. एवढ्यात बाहेर कोणीतरी रस्त्यावर आलेली फांदी कापायला मशीन लावली. शालिकभाऊंच्या कपाळावर आठी. मशीन दोनदा अडखळली, तशी आठी दोनदा खोल गेली. तिसऱ्यांदा ते उठलेच. वीस मिनिटांनी परत आले तेव्हा पांढऱ्या सदऱ्यावर काळ्या हातांचे ठसे होते. पंचफुलाताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, डोळे वटारले. ते हळूच म्हणाले, "अवं, दुःखात होती ना बिचारी."

पंचफुलाताईंची जीभ त्या चेनींपेक्षा धारदार. भिंतीशी उभ्या राहून त्या हातवारे करत माझ्याकडे फिर्याद मांडत, तेव्हा बांगड्या पार कोपरापर्यंत सरकत जात. "पाहा ना मॅडम, बुढा दिवसभर मशीनले कान लावून बसते. मी बी मशीन असती तं बरं झालं असतं. मले बी कधी कान लावला असता!" मी हसायची. तेही पारिजातकाखाली बसून हसायचे.

आणखी एक वस्तू सांगायची राहिली. त्यांची हत्यारांची पेटी. लोखंडी, हिरवी, दोन हातांनीच उचलावी अशी जड. तिला हात लावायची कुणालाही परवानगी नाही. पंचफुलाताईंनी एकदा तिच्या झाकणावर मुगवड्या वाळत घातल्या, तर दोन दिवस घरात अबोला होता.

अशा या संसारात दोन वर्षांपूर्वी एके दुपारी टेम्पोतून एक धूड उतरलं. चार बुटकी चाकं, मधे खुर्ची, रंग कधीकाळी लाल असावा. नागपूरकडच्या कुठल्याशा बंद पडलेल्या रिसॉर्टच्या लिलावातून शालिकभाऊंनी गवत कापायचा ट्रॅक्टर आणला होता. खुर्चीवर बसायचं, चालवायचं, पोटाखालचं पातं फिरत जातं आणि गवत कापत जातं. इंजिनात उंदरांनी बाळंतपणं केलेली. सगळी गल्ली गोळा झाली, आणि सगळ्यांचा एकच प्रश्न, की गवत कुठाय? थुलांच्या अंगणात कोथिंबिरीचा एक वाफा, तोही कोंबड्यांनी उकरलेला.

"हाय एक गिऱ्हाईक," शालिकभाऊ म्हणाले.

कोण गिऱ्हाईक, ते काही सांगेनात. पण त्या गिऱ्हाइकासाठी त्यांनी दोन वर्षं जिवाचं रान केलं. पिठाच्या गिरणीचा पट्टा कापून बसवला. पातं लोहाराकडून जीपच्या कमानीच्या पट्टीचं घडवून आणलं. खुर्चीला नवं रेक्झिन चढवलं, आत भरायला कापूस खास निवडून आणला. "मशीनच्या खुर्चीत कापूस?" मी विचारलं. "गिऱ्हाइकाचे गुडघे खराब हाय," ते म्हणाले. तेव्हा तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण मुख्याध्यापकांना स्वतःच्या हुशारीची इतकी खात्री असते, की प्रकाशाला आत यायला वाव राहत नाही.

जुलैच्या शेवटी ते इस्त्रीचा सदरा घालून माझ्याकडे आले. खुर्चीच्या टोकावर बसले.

"मॅडम, पंधरा ऑगस्टच्या आधी तुमच्या ग्राउंडचं गवत काढा लागते ना? पोट्ट्यायले नका लावू औंदा. मी काढून देतो."

मला आनंदच झाला. पण ते उठेनात. मग सगळं सांगितलं. लग्नानंतर ते आयटीआयला होते आणि पंचफुलाताई अल्लीपूरकडे लोकांच्या शेतात निंदणाला जात. दिवसभर उकिडवं बसून तण उपटायचं. त्या मजुरीवर घर चालायचं. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शालिकभाऊंनी एका साहेबाच्या बंगल्यावर माणूस खुर्चीवर बसून गवत कापताना पाहिला आणि घरी येऊन सांगितलं. पंचफुलाताई खूप हसल्या. म्हणाल्या, "बसून? खुर्चीवर? मले बी बसवजो एक दिवस."

"मी हो म्हनलं होतं," शालिकभाऊ म्हणाले. "ती विसरली असंन. मी नाई विसरलो. आता तिचे गुडघे पाह्यता ना तुमी? अजून थांबलो तं तिले खुर्चीवर चढता येनार नाई."

रविवार ठरला. मैदानात गवत गुडघाभर. गल्लीतली वीसपंचवीस माणसं फुकटचा तमाशा पाहायला हजर. पंचफुलाताई शेवटपर्यंत कुरकुरत होत्या, "या वयात मले सर्कशीत बसवते का हा बुढा?" पण नवं लुगडं नेसून आल्या होत्या. मी आणि गल्लीतल्या एकीने धरून त्यांना चढवलं. शालिकभाऊंनी किल्ली फिरवली. इंजिन झकास लागलं. टाळ्या पडल्या. त्यांनी पातं फिरवायचा दांडा ओढला, आणि इंजिन बंद.

पुन्हा किल्ली. पुन्हा सुरू. दांडा ओढला की बंद.

शालिकभाऊंनी ताईंना उतरवलं, स्वतः बसले. मशीन गुणी बाळासारखी चालली, दोन ओळी गवत साफ. ताईंना पुन्हा बसवलं. बंद. कोणीतरी म्हणालं, "भाऊ, मशीन काकूले घाबरली!" सगळे हसले, ताईसुद्धा. शालिकभाऊ हसले नाहीत. प्लग काढून ठिणगी पाहिली. तेल पाहिलं. हवा पाहिली. तिघंही जागेवर होते. मग त्यांनी हात वर केला आणि सगळं मैदान चूप झालं.

त्यांनी दांडा ओढला. पेचकस इंजिनला नाही, खुर्चीच्या खाली लावला. ऐकलं. मग तळहाताने खुर्चीची कड खाली दाबून धरली, किल्ली फिरवली आणि दांडा परत ओढला. पातं फिरू लागलं. हात काढला, थांबलं.

"खुर्चीखाली एक बटन असते," ते आम्हाला समजावू लागले, नेहमीसारखंच. "मानूस बसला का त्याच्या वजनानं दबते. पडला बिडला तं सुटते, इंजिन बंद होते अन् पातं थांबते. म्हनजे कोनाले लागू नोय. आता हिच्या वजनानं ते दबूनच नाई राह्यलं. मशीनले वाटते का खुर्चीवर कोनी..."

ते पंचफुलाताईंकडे पाहत होते. आम्हीही पाहिलं. त्या मोठ्या खुर्चीत त्या एका कोपऱ्यात मावल्या होत्या. बांगड्या कोपरापाशी. मी त्या बांगड्या दोन वर्षं वर-खाली होताना पाहत होते, आणि हसत होते. मला माझीच लाज वाटली.

"मंग बटनाच्या तारा जोडून दे ना भाऊ," मागून कोणी म्हणालं. "दोन मिनिटाचं काम हाय."

"नाई," शालिकभाऊ म्हणाले. "ती पडली तं पातं थांबलं पाह्यजे."

ते गेले आणि हिरवी पेटी दोन हातांनी उचलून घेऊन आले. जिला कोणी बोट लावायचं नाही ती पेटी त्यांनी पंचफुलाताईंच्या मांडीवर ठेवली, दोन्ही हात तिच्यावर ठेवायला लावले आणि स्वतः शेजारून सुकाणू धरून चालू लागले. मशीन चालली. पहिल्या वळणावर ताई एकदम मोठ्याने हसल्या. "अवो! बसून! खुर्चीवर!" त्यांना आठवलं होतं. मैदानात रेषा इतक्या वाकड्या उमटल्या, की पंधरा ऑगस्टला पोट्ट्यांच्या रांगा त्यांच्यावरूनच वाकड्या लागल्या. शालिकभाऊंनी एकदाही इंजिनाकडे कान दिला नाही. ते तिच्याकडेच पाहत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते भिंतीशी आले. "मॅडम, ही जेवते का? तुमाले कधी दिसली का जेवताना?" मला आठवेना. शेवटी ताईंकडूनच निघालं, की ट्रॅक्टर आला त्या सुमारापासून दाढा दुखत होत्या, भाकर चावत नव्हती, चहात बुडवून दोन घास खायच्या. "कायले सांगू? तुमी मशीनमदी होते."

दातांच्या डॉक्टरकडे मी सोबत गेले होते. डॉक्टरांनी विचारलं, काय त्रास होतो. शालिकभाऊ तोंड उघडून सांगू लागले, आणि मधेच थांबले. खुर्ची मागे घेतली.

"मी चूप राह्यतो. तिले बोलू द्या."

चार दाढा गेल्या, कवळी आली. शालिकभाऊ भाकरी थापायला शिकले. पहिल्या महिन्यातल्या भाकरींना त्यांनी स्वतः कानस लावायला हवी होती, पण ताईंनी त्या खाल्ल्या. आणि दर रविवारी दोन वाजता, माझ्या झोपेच्या छातीवर बसून, एक नवा कार्यक्रम सुरू झाला. मांडीवर पेटी न घेता ताई ट्रॅक्टरवर बसायच्या. इंजिन लागायचं, दांडा ओढला जायचा, इंजिन बंद पडायचं. "अजून नाई," शालिकभाऊ म्हणायचे, आणि आत जाऊन तुपाची वाटी घेऊन यायचे. सप्टेंबर गेला, दिवाळी गेली. अजून नाई. मी उशी कानावर घ्यायची आणि तरी ऐकत राहायची.

परवाच्या रविवारी इंजिन लागलं. दांड्याचा आवाज आला. मी सवयीने ते बंद पडायची वाट पाहू लागले. ते बंद पडलं नाही. मी उठून भिंतीशी गेले. ज्या अंगणात कापायला गवताची एक काडी नाही, तिथे पातं नुसतं हवेत फिरत होतं. वर खुर्चीत पंचफुलाताई बसल्या होत्या, दोन्ही हात रिकामे. शालिकभाऊ हात वर करून उभे होते, सगळ्यांना चूप करायला, पण बोलत कोणीच नव्हतं. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि गालांवरून पाणी ओघळत होतं.

"बंद करा ना आता, बुढोबा," ताई खेकसल्या. "मॅडम झोपल्या असतीन!"

"चालू द्या, शालिकभाऊ," मी भिंतीवरून ओरडले. "मी जागीच आहे."