यल्ला म्हणायचं नाही

केळसकर भाऊजी चहा बशीत ओतायचे ते सवयीनं नव्हे, वेळ वाचवायला. कपातला चहा निवायला फार वेळ घेतो म्हणे. तोही उभ्यानं प्यायचे, आमच्या दारात, एक पाय चपलेत घालून. मी म्हणायचे, बसा हो, तुबलीचं तुमचं गॅरेज काही पळून जात नाही. उत्तर ठरलेलं, “यल्ला वहिनी, येतो.”

यल्ला म्हणजे चला, आटपा. बहरीनमध्ये तो शब्द सगळ्यांच्याच तोंडी, माझ्याही. पण मंत्रपुष्पांजली चालू असताना “यल्ला, प्रसाद” म्हणणारा माणूस मी हा एकच पाहिला.

इतकी वर्षं आमचे फ्लॅट समोरासमोर. त्यांची बायको सुमन माझी मैत्रीण. दोघं बाब अल बहरीनच्या बाजारात निघाले की हे वीस पावलं पुढे, आणि ती पिशवी सावरत मागून म्हणतेय, “अहो, सावकाश.” हे काही वळून बघायचे नाहीत. दुकानाच्या दारात पोचून घड्याळाकडे बघत उभे. तशी सुमन सगळं निवांत करणारी बाई, गेली मात्र घाईनं. चार दिवसांचं दुखणं. त्याला आता दोन वर्षं झाली.

आणि मागच्या हिवाळ्यात हे गृहस्थ लिफ्टमधून बाहेर आले ते कुत्री घेऊन. ग्रेहाउंड. गॅरेजच्या एका जुन्या बहरीनी गिऱ्हाइकाची. शर्यतीत पळायची, पाय दुखावला, म्हणून रिटायर झाली. नाव रीम, म्हणजे हरिणी. पण आपल्याकडे रीम असतं कागदाचं, तेव्हा दुसऱ्या दिवशी तिची रीमा झाली.

उंच, करडी, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. मला वाटलं, हे तिला उपाशी ठेवतात. मी गुपचूप तूप-पोळी घालायला लागले. एकदा पकडलं त्यांनी. म्हणाले, “वहिनी, तिची अंगकाठीच तशी. आता तुमची नाही का...” आणि पुढचं गिळून टाकलं.

घाईच्या माणसाला घाईचं जनावर मिळालं, असं मी आमच्या ह्यांना म्हटलंसुद्धा. कसलं काय! रीमा दिवसभर सोफ्यावर, सुमनच्या जागी, चारी पाय वर करून झोपलेली. जागी असली तरी डोळे कुठल्या तरी लांबच्या वाळूत. तिच्याजवळ बसलं की आपल्यालाही पेंग येते बघा.

पण पहिल्याच आठवड्यात भाऊजी फिरायला निघताना सवयीनं “यल्ला” म्हणाले आणि ती सुटली, पट्ट्यासकट, भाऊजींसकट. शर्यतीला सोडताना मालक तिच्या कानाशी हाच शब्द म्हणायचा, हे मागाहून कळलं. भाऊजींचे दोन्ही गुडघे फुटले. त्या दिवसापासून यल्ला बंद. दारावर कागद लागला, “येथे यल्ला म्हणू नये.” बिचारे “य...” म्हणायचे आणि पुढे काय लावावं ते सुचायचं नाही. शेवटी एक शब्द सापडला. लिफ्टपाशी “सावकाश”, जिन्यात “सावकाश”, रीमा पाणी पीत असली तरी “सावकाश”. त्या घरातून हा शब्द मी फार वर्षं ऐकला होता, दुसऱ्या तोंडून. चहाही बसून प्यायला लागले, कपातून.

आणि घोटाळा केला तो मीच.

तुबलीच्या खाडीत फ्लेमिंगो आलेत, बघायला चला असं भाऊजी म्हणाले, म्हणून मी गेले. पाणी अगदी स्थिर, त्यावर ती गुलाबी गर्दी, जणू कुणी झोपेत रांगोळी काढलीय. ऊन कलायला लागलं. भाऊजी रीमाचा पट्टा काढून नीट बसवत होते आणि माझ्या तोंडून गेलं, “यल्ला भाऊजी, निघू या.”

करडी रेघ ओढावी तशी ती गेली. फ्लेमिंगो सगळे एकदम उठले. किनाऱ्याच्या टोकाला गाड्यांचा मोठा रस्ता. मला वाटलं, आता हे धावतील, मला बोलतील. मी म्हटलं, हाक तरी मारा तिला.

ते जागचे हलले नाहीत. “पळणाऱ्याला मागची हाक ऐकू येत नाही, वहिनी. मला ठाऊक आहे. ती वळून बघेल तेव्हा आपण दिसलो पाहिजे, बस.”

आणि उभे राहिले. घड्याळाकडे न बघता. किती वेळ, देव जाणे. रस्त्याच्या अलीकडे ती रेघ थांबली. वळली. मग एक पाय उचलत, लंगडत, हळूहळू परत आली आणि भाऊजींच्या गुडघ्याला तोंड लावून उभी राहिली. रागावले नाहीत. नुसते तिचे कान कुरवाळत राहिले.

आम्ही गाडीकडे निघालो. पट्टा ताणून रीमा पुढे, मागे भाऊजी, त्यांच्या मागे मी, वाळूत चपला ओढत. चार पावलं गेले की ते थांबत, मागे बघत, पुन्हा चालत. गाडीपाशी पोचल्यावर थांबले, वळले आणि म्हणाले, “आलीस का?”

रीमा तर त्यांच्या पुढे होती. आणि मला ते “आलात का” म्हणतात.

मी चपलेतली वाळू झटकत थोडी मागेच उभी राहिले.