मंडईले घरी या

होमराज प्रत्येक गोष्ट दोनदा करतो. सकाळी फाटकातून बाहेर येतो, थबकतो, पुन्हा आत जातो, फोन तुळशीच्या ओट्याला टेकवून ठेवतो आणि पुन्हा बाहेर येतो, जसा काही आत्ताच उठला. पहिल्यांदा नुसता येतो, दुसऱ्यांदा हसत येतो. चहाचा घोट दोनदा घेतो. देवाला नमस्कार दोनदा करतो. त्याच्या घराची आणि माझ्या घराची भिंत एकच, तीही कमरेएवढी. त्यामुळे दोन्ही होमराज मला रोज फुकट दिसतात.

मी चौथी शिकले. हा माणूस पोटासाठी करतो तरी काय, हे समजायला मला वेळ लागला. बांधी म्हणजे आमच्याकडे धानाचं शेत. त्याने 'बांधी' नावाचं काहीतरी फोनमध्ये बसवलं आहे. कोणाला धान कापायचं मशीन पाहिजे, कोणाला रोवणीला बाया पाहिजेत, त्याने फोनवर दाबायचं, की मशीन नाहीतर बाया बांधावर हजर. त्याच्या माडीवर पोरी-पोरं दिवसभर कानाला यंत्र लावून बोलत बसतात. सिहोऱ्यापासून पार पवनीकडच्या कोंढ्यापर्यंत त्याची मशिनं फिरतात. एवढं मला पटलं. पण रोज सकाळी तोंडाला पावडर लावून फोनसमोर उभं राहायचं, हे कशाला?

मी विचारलंच. म्हणाला, "काकी, मशीन तं कोणीबी देते. लोकायले आपला चेहरा माहीत पाहिजे."

"तुह्या चेहऱ्यात का पाहासारखं आहे?"

"काही नाई. म्हणून तं रोज दाखवा लागते."

मी हसले नाही, पण उत्तर आवडलं.

मग एकेक गोष्टी व्हायला लागल्या आणि माझं तोंड बंद झालं. फाट्याच्या रस्त्यावर एक खड्डा होता. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्याला शिव्या देत होते. ग्रामपंचायतीने अर्ज दिले, पुढारी येऊन पाहून गेले. होमराज एका पावसाळ्यात गरी घेऊन त्या खड्ड्याच्या काठावर मासे धरायला बसला. खाली गळ, वर छत्री, समोर फोन. बोलला काहीच नाही. आठवडा व्हायच्या आत खड्डा बुजला. वर साहेब लोक येऊन त्याच्यासोबत फोटो काढून गेले.

दुसऱ्या वेळी माझा जुना विळा हातात घेऊन फोनसमोर म्हणाला, "हा आमच्या काकीचा विळा. याची धार पाहा आन् काकीची जीभ पाहा, सारखीच." तुमसरच्या बाजारात तसले विळे संपले. लोहार माझ्या घरी नारळ घेऊन आला. मी त्याला म्हटलं, मी काय केलं बापा? तो म्हणाला, काही नाही, पण नारळ ठेवा.

शिव्याही पुष्कळ येतात. कोणाचं मशीन उशिरा पोचलं, कोणाचं चिखलात फसलं, की लोक फोनवर होमराजच्या सात पिढ्या काढतात. आपण असतो तर उलटून दोन दिल्या असत्या. हा सपरीत, घरापुढच्या पडवीत बसून एकेकाला उत्तर पाठवतो, आणि उत्तर नेहमी एकच: "दादा, तुमचा राग बरोबर आहे. चहाले या." एकदा एक जण खरंच आला. बाह्या सरसावून आला होता. चहा पिऊन, पोहे खाऊन, पुढच्या हंगामाचं मशीन ठरवून गेला. होमराज त्याला पोचवायला फाट्यापर्यंत गेला. मी भिंतीपलीकडून पाहत होते. असलं वशीकरण मी कोणा बुवाकडे पाहिलं नाही.

आणि मग त्याने मंडईचं केलं.

आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडया भरतात, म्हणजे एका दिवसाची जत्राच. ज्या गावची मंडई, त्या गावात घरोघरी पाहुणे. लेकी, जावई, व्याही, मावसभाऊ, त्यांचे शेजारी. बाजार फिरायचा, दंडारीचा नाचगाण्याचा खेळ पाहायचा, पण आधी जेवायचं. पाहुणा उपाशी गेला तर त्या घराची अब्रू जाते. म्हणून आम्ही मंडईला 'या' म्हणताना आधी घरातल्या तांदळाकडे पाहतो.

होमराजने तांदळाकडे पाहिलं नाही. फोनकडे पाहिलं. म्हणाला, "आमच्या गावची मंडई आहे. ज्याले ज्याले माहा चेहरा ओळखू येते, त्यानं घरी यावं. जेवूनच जावं." नेहमीप्रमाणे दोनदा म्हणाला. दुसऱ्यांदा फाट्यावरून कसं वळायचं तेही सांगितलं. त्याचा चेहरा ओळखणारे लाखाच्या वर आहेत, असं माडीवरच्या पोरी म्हणतात.

दुसऱ्याच दिवशी नागपूरची मॅडम गाडी घेऊन आली. कंपनीचं नाव चांगलं ठेवायचं, हे तिचं काम. त्यासाठी पगार आहे म्हणे. सपरीत उभी राहूनच बोलायला लागली.

"सर, ते काढून टाका. लोक खरंच येणार आहेत. आपण लिहू, ते आमंत्रण प्रेमाचं प्रतीक होतं."

"मॅडम, प्रतीक जेवत नाई."

"हसू नका सर. पन्नास माणसं जरी उपाशी गेली ना, तरी संध्याकाळपर्यंत सगळीकडे तेच फिरेल. ज्याला वेळेवर भात देता येत नाही तो मशीन काय देणार, असं म्हणतील. आतापर्यंत कमावलेलं सगळं एका दिवसात जाईल."

बाई खरं बोलत होती. मी भिंतीवरून म्हटलं, "होमराज, ऐक तिचं. लोक येतीन ना रे."

तो माझ्याकडे वळला. "काकी, आले तं पाहिजेत."

मला वाटलं, गर्व झाला. आता हा पडतो.

मंडईच्या दिवशी मी पहाटे उठून माझ्या पाहुण्यांपुरता स्वयंपाक केला आणि दार लोटून घेतलं. उन्हं वर आली तशा गाड्या यायला लागल्या. कोंढ्याची माणसं आली, चिखल्याच्या खाणीतली माणसं बायका-लेकरांना घेऊन आली. शेजारच्या अंगणात जागा उरली नाही तेव्हा माझं दार उघडून माझ्या अंगणात बसली. एका बाईने मला विचारलं, "तुम्हीच का त्या विळ्यावाल्या?"

मी शेजारी डोकावले. आणि खरं सांगते, पाहतच राहिले. ज्या फोनवरून तो दुसऱ्यांना रोवणीच्या बाया पाठवतो, त्याच फोनवरून त्याने त्या सगळ्या बाया आपल्या घरी बोलावल्या होत्या, आणि त्या आल्या होत्या. कोणी वडे तळत होती, कोणी लाखोळीच्या डाळीची भजी. मशीनवाले भाताचे गंज, ती मोठाली पातेली, उचलत होते. नागपूरची मॅडम पदर खोचून पत्रावळी मांडत होती. मी पण एक गंज भात चढवला. माझ्या अंगणात बसली होती माणसं, दुसरं काय करणार?

होमराज वाढत होता. पंगतीवर पंगत. आणि तो एका माणसाला एकदाच वाढत होता. ते मला खटकलं.

"फोन कोठी आहे रे तुहा?"

"धानाच्या ढोलीत टाकला काकी. आज नको."

मॅडमने ते ऐकलं आणि कपाळावर हात मारला. एवढी माणसं जेवून जात होती आणि जगाला दाखवायला एक फोटो नाही.

दिवस कलला. गर्दी दंडारीकडे सरकली. एकही माणूस उपाशी गेला नाही, हे मी पाहिलं आहे. भांडी पालथी पडली, बाया पाय पसरून बसल्या. होमराज खांबाला टेकला.

तेव्हा त्याची माय बाहेर आली. जनाबाई दिवसभर चुलीपाशीच होती. तशीही ती फारशी कोणाशी बोलत नाही. सपरीच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "होमराज, फाट्यावर पाहून ये."

तो गेला. आला. "कोणी नाई माय."

"पुन्हा एकडाव पाहून ये."

हे बोलणं मी ओळखलं. पूर्वी दर मंडईला भिंतीपलीकडून हेच ऐकू यायचं. जनाबाई पळून लग्न करून या गावात आली. माहेरच्यांनी तोंड फिरवलं, सासरच्यांनीही. नवरा मेला तरी कोणी आलं नाही. पण मंडईला ती वडे तळायची, खीर करायची, आणि पोराला फाट्यावर पाठवायची. पोर जायचं, दुसऱ्यांचे पाहुणे मोजून यायचं. कोणी नाही माय. पुन्हा एकडाव पाहून ये. मग ते दोघं तो सगळा स्वयंपाक रात्री खायचे आणि दुसऱ्या दिवशीही खायचे.

आता या वयात, पोटऱ्या दुखत असताना, तो निमूट उठला आणि पुन्हा गेला.

बराच वेळ आला नाही. मॅडमने मला विचारलं, "आजी, सर कुठे गेले?" मी म्हटलं, "पाहुणे पाहायले." ती म्हणाली, "पाहुणे तर झाले सगळे."

इतक्यात होमराज रस्त्यावर दिसला. बंद पडलेली मोटारसायकल ढकलत येत होता. मागून नवरा-बायको, दोघंही घामाघूम, चिखल्याकडून निघालेले, वाटेत टायर फुटलेलं. बाई लाजून म्हणाली, "उशीर झाला जी. आम्ही नाई जेवत, नुसतं भेटून जातो."

जनाबाई उठली. आत गेली. चुलीमागून एक झाकलेला गंज काढून आणला. दोन माणसांचा भात तिने दिवसभराच्या त्या गर्दीतही बाजूला काढून ठेवला होता. पाट मांडले, पाणी ठेवलं, आणि त्या अनोळखी नवरा-बायकोकडे रागाने पाहत म्हणाली, "बसा बापा. किती वाट पाहाले लावता."