एकोणचाळीस गुणांचे ओव्हाळकाका

एखाद्या नव्या जागी तुम्ही पहिल्यांदा पाऊल टाकलंत, तेव्हा तुमच्याशी पहिलं वाक्य कोण बोललं आणि ते काय होतं, आठवतंय का? मला माझी आठवतात. शाळेत, "फी भरली का?" कॉलेजात, "इथे नाही, तिकडे." चाकणच्या कंपनीत, "बॅग उघडा." चौथी जागा मात्र अशी निघाली की तिथे एका बासष्ट वर्षांच्या गृहस्थांनी कमरेत वाकून मला कोरियन भाषेत नमस्कार केला, आणि मी भांबावून त्यांच्या पाया पडले.

ही जागा म्हणजे पिंपळे सौदागरमध्ये एका मिठाईच्या दुकानावर चालणारा कोरियन भाषेचा वर्ग. गृहस्थांचं नाव भगवान ओव्हाळ, राहणार दापोडी. पिंपरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये, अचूक मापाच्या कामात, छत्तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. वर्गाचे ते मालक नव्हते, शिक्षक नव्हते, शिपाईही नव्हते. आमच्यासारखेच फी भरून शिकणारे होते. फक्त पहिल्या पायरीच्या वर्गात त्यांची ही चौथी खेप होती.

मी उठून उभी राहिले तेव्हा त्यांच्या हातात पोलादी कोनमापक होता.

"ताई, असं नाही," ते अगदी शांतपणे म्हणाले. "बरोबरीच्याला पंधरा अंश, मोठ्याला तीस, कंपनीच्या साहेबाला पंचेचाळीस. तुम्ही एकदम एकशेऐंशी केलंत."

मग त्यांनी मला पुन्हा दाराबाहेर पाठवलं आणि स्वागत नव्याने केलं. "आन्यंग हासेयो. ह्वान्यंग हाम्निदा." म्हणजे नमस्कार, आपलं स्वागत आहे. तोपर्यंत जिन्यात माझ्यामागे चार जण खोळंबले होते. त्यांचीही तपासणी झाली.

मी कोरियन का शिकत होते तेही सांगून टाकते. मला त्यांच्या मालिका बघायच्या नव्हत्या. चाकणची आमची कंपनी कोरियन, तिथे असेंब्ली लाइनवर सूचनांचे फलक तीन भाषांत लागतात आणि कोरियनमध्ये काहीतरी वेगळंच लिहिलंय असा मला दाट संशय होता. माझे वडील युनियनवाले. पत्रकांच्या घड्या घालतच मी मोठी झाले. वाचता न येणाऱ्या कागदावर विश्वास ठेवायचा नाही, हे आमच्या घरचं पहिलं शिक्षण. पुढे वाचता आलं तेव्हा कळलं की मजकूर तोच आहे, फक्त कोरियनमध्ये "कृपया" आहे. ते मराठीत येईपर्यंत वाटेत कुणीतरी काढून घेतलं होतं. कुणी, त्याचा शोध चालू आहे.

काकांना असले संशय नव्हते. त्यांचा विश्वास एकाच गोष्टीवर होता, पहिल्या पीसवर. कारखान्यात शिफ्ट सुरू झाली की मशीनवरून निघालेला पहिला पीस आधी तपासतात. तो पास झाला तरच पुढचं काम चालू. "माणसाचा पहिला दिवस म्हणजे फर्स्ट पीस," काका म्हणायचे. "तो बिघडला की अख्खा लॉट गेला. मग बसा घासत." त्यासाठी त्यांनी एक कागद तयार केला होता. मशीनशेजारी कामाची पद्धत लिहिलेला कागद टांगतात ना, तसाच, लॅमिनेट केलेला, वर "आवृत्ती चौथी" असं लिहिलेला. दारात उभं राहणे. वाकणे. आपलं नाव सांगणे. समोरच्याचं नाव विचारणे. जन्मसाल विचारणे. खुर्ची दाखवणे.

जन्मसालाचं प्रकरण त्यांनी फार मनावर घेतलं होतं. कोरियन माणूस वय कळल्याशिवाय मोकळेपणी बोलूच शकत नाही, कारण मोठ्याशी वेगळं बोलायचं असतं आणि धाकट्याशी वेगळं. हे सलमा मॅडमनी, म्हणजे आमच्या बाईंनी, सहज सांगितलं होतं. काकांनी त्याची सिनिऑरिटी लिस्ट केली. सगळ्यात मोठा पुढच्या रांगेत पंख्याखाली, सगळ्यात धाकटा मागे. पाणी धाकट्याने मोठ्याला द्यायचं, तेही दोन्ही हातांनी.

माणच्या एका आयटी कंपनीतल्या एचआर मॅडम आमच्याबरोबर होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी आपलं जन्मसाल चांगलं आठ वर्षांनी अलीकडचं सांगितलं. काकांनी ते निमूटपणे लिहून घेतलं. झालं, त्या दिवसापासून मॅडम शेवटच्या रांगेत, आणि सत्तावीस वर्षांच्या एका फिटरला दोन्ही हातांनी पाणी देण्याची पाळी त्यांच्यावर. फिटर बिचारा लाजून तहान मारायला लागला. तिसऱ्या दिवशी मॅडम आधार कार्ड घेऊन आल्या आणि काकांच्या टेबलावर आपटून पंख्याखाली जाऊन बसल्या. काकांनी यादीत दुरुस्ती केली, शेजारी तारीख घातली आणि मॅडमची सही घेतली.

दोन्ही हातांनी देण्याघेण्याची सवय त्यांना वर्गाबाहेरही लागली होती. एकदा दापोडीच्या बसमध्ये मी त्यांच्या शेजारी होते. त्यांनी कंडक्टरला नोट दोन्ही हातांनी, मान झुकवून दिली. त्याच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत असं कुणी केलं नसावं. त्याने नोट उजेडाला धरून पाहिली, नखाने खरवडली, मग काकांकडे पाहिलं. काका हसले. तिकीटही त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं. आमच्या स्टॉपपर्यंत कंडक्टर आमच्यावर नजर ठेवून होता.

आता एवढा काटेकोर माणूस तीनदा नापास कसा होतो, हे कोडं मला स्वस्थ बसू देईना. सलमा मॅडम दापोडीतल्याच, त्यांच्या अब्बांचं तिथे गॅरेज आहे, काकांना त्या लहानपणापासून ओळखतात. मी त्यांना विचारलं. त्यांनी कपाटातून काकांचे तिन्ही पेपर काढून माझ्यासमोर ठेवले. उत्तीर्ण व्हायला शंभरपैकी चाळीस लागतात. काकांना पहिल्या वेळी एकोणचाळीस. दुसऱ्या वेळी एकोणचाळीस. तिसऱ्या वेळी एकोणचाळीस. जेवढं लिहिलं होतं तेवढं सगळं बरोबर होतं. नंतरची पानं कोरी.

"टूलरूमचा माणूस आहे," सलमा मॅडम म्हणाल्या. "माप चुकत नाही."

कारणही त्यांनीच सांगितलं. दुसऱ्या पायरीचा वर्ग ऑनलाइन असतो, मोबाइलवर. पास झालं की घरी बसून शिकायचं. काकांना घरी बसायचं नव्हतं. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. घरात बोलायला टीव्ही होता, पण तो आपलंच म्हणणं दामटतो, असं ते म्हणायचे. म्हणून दर चार महिन्यांनी बिचारे एका गुणाने नापास व्हायचे आणि पुन्हा दारात उभे राहायचे. मालकांना चालत होतं, फी येत होती.

परीक्षेला दहा दिवस होते तेव्हा शिवकन्या आली. लातूरकडची, चाकणला कंत्राटावर, पहिली शिफ्ट सुटल्यावर दोन बस बदलून आलेली, पायात अजून कंपनीचे बूट. काकांनी तिचं स्वागत साग्रसंगीत केलं. ती घाबरून एक पायरी खाली उतरली. मग म्हणाली, "मी चाकणला काम करायलेय. पुढच्या वर्गात माझं बी नाव लिवून घ्या." दिवाळीनंतर तिचं कंत्राट संपणार होतं. कोरियन साहेबाशी चार शब्द बोलता येणाऱ्या मुलींना ठेवणार, असं लाइनवर सांगितलं होतं.

मालकांनी यादी पाहिली. खोलीत वीस खुर्च्या. एकोणीस नावं आलेली, आणि विसावी खुर्ची नेहमीप्रमाणे ओव्हाळांची. त्यापुढच्या वर्गात, चार महिन्यांनी बघू, म्हणाले. माझं डोकं फिरलं. त्याच दिवशी बसमध्ये बसून मी पत्रक लिहिलं, "एकविसावी खुर्ची आमच्या हक्काची." दुसऱ्या दिवशी काकांनी घरून घडीचं स्टूल आणलं. मालकांनी पत्रक आणि स्टूल, दोन्ही परत केली. खोलीत वीसच माणसं बसवायची परवानगी आहे, असं त्यांनी दारामागचा कागद दाखवून सांगितलं. मी तो कागद वाचला. खरंच तसं होतं. खरा नियम समोर आला की पत्रक लिहिणाऱ्याची फार पंचाईत होते.

त्या संध्याकाळी काका स्टूल काखेत मारून स्टॉपवर उभे होते. मी न राहवून बोलले, की काका, तुम्ही मुद्दाम नापास होता हे मला माहीत आहे. ते चिडले नाहीत. स्टूल उघडून मला बसायला दिलं.

"कंपनीत लागलो ना," ते म्हणाले, "त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत एकाने नाव विचारलं. भगवान म्हटलं. खूश झाला, सरकून जागा दिली. मग आडनाव विचारलं."

"मग?"

"मग त्याला एकाएकी उन्हात बसून जेवायची हौस आली. डबा उचलून गेला. शिवी नाही, भांडण नाही. पाठोपाठ बाकीच्यांनाही ऊन आवडायला लागलं. अकरा दिवस टेबलावर मी एकटाच. बाराव्या दिवशी पुलगम नावाचा एक म्हातारा टर्नर येऊन बसला, म्हणाला मिरची आहे का. तो नसता तर नोकरी सोडली असती."

माझे वडील त्याच काळात पिंपरीतच होते, युनियनमध्येच. ते कॅन्टीन कुठलं, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. अजून झालेलं नाही.

"ही भाषा मला म्हणून आवडली," काका म्हणाले. "मान द्यायच्या आधी फक्त वय विचारतात. आडनाव विचारून उपयोगच नाही, निम्मे किम आणि बाकीचे पार्क. वय काय ताई, सगळ्यांचंच वाढतं."

तेवढ्यात त्यांची बस आली. त्यांच्या त्या कागदावर आडनावाची ओळच नव्हती, हे मला तेव्हा कुठे लक्षात आलं.

परीक्षेला काका तीन तास बसले. एकही पान कोरं सोडलं नाही. निकालाच्या दिवशी सलमा मॅडमनी त्यांचा पेपर हातात दिला. अठ्ठ्याण्णव. "दोन मी कापलेत काका, अक्षर फार बारीक आहे म्हणून." काकांनी पेपर दोन्ही हातांनी घेतला आणि मालकांकडे जाऊन विसाव्या ओळीतलं आपलं नाव खोडून घेतलं. खोडल्यावर तारीख घातली का, तेही पाहिलं.

शिवकन्या आता पंख्यापासून चौथ्या खुर्चीवर बसते. आणि मी काकांच्याबरोबर दुसऱ्या पायरीत आहे, मंगळवारी आणि शुक्रवारी सात वाजता, मोबाइलवर.

तो वर्ग कसा असतो ते तुम्हाला माहीत असेलच. सलमा मॅडमची सोडून पडद्यावर चौदा चौकटी, त्यातल्या तेरा काळ्या. एकाच चौकटीत उजेड. तिथे काका, इस्त्रीचा शर्ट घालून, पाठ सरळ. चौकटीखाली लोक आपली पूर्ण नावं लिहितात, यांनी लिहिलंय, "भगवान" आणि पुढे जन्मसाल. कुणाचं नाव पडद्यावर उगवलं की काका उभे राहतात आणि वाकतात. मोबाइल जवळ असल्यामुळे आम्हाला फक्त त्यांचं टक्कल खाली जाऊन वर आलेलं दिसतं. आन्यंग हासेयो, ह्वान्यंग हाम्निदा. तेरा वेळा. तेरा वेळा उत्तर नाही. सलमा मॅडम विचारतात, काका, सुरू करू का? ते म्हणतात, दोन मिनिटं थांबा मॅडम, कुणीतरी बोलेल.

त्या तेरा काळ्या चौकटींतली एक माझी होती. कंपनीच्या बसमध्ये असायचे, केस हेल्मेटने चपटे झालेले, चेहऱ्यावर दिवसभराचं तेल. कारण एवढंच. जगभरच्या अन्यायावर पत्रकं लिहिणाऱ्या माझ्याने एक बटण दाबवत नव्हतं.

गेल्या शुक्रवारी दाबलं. काका वाकलेले होते, वर आले तेव्हा मी दिसले. मीही वाकले, सीटवर बसल्या बसल्या जमेल तेवढी. काकांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "ताई, जेवलात का?"

तेव्हा तुमच्याकडे एक मागणं आहे. पुढच्या वेळी तुम्ही अशा काळ्या चौकटीत बसाल, मिटिंगमध्ये, क्लासमध्ये, कुठेही, तेव्हा आधी पडद्यावर नीट पाहा. एखादा माणूस एकटाच उजेडात बसलेला असेल. कॅमेरा चालू करा आणि त्याच्या नमस्काराला उत्तर द्या. केस कसेही असू देत.